सामाईक आज्ञावलींची झाडलोट

घर झाडूनपुसून स्वच्छ ठेवावें, याविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं. परंतु तेंच घर जेव्हां अनेकांच्या वहिवाटीचें असतें, तेव्हां स्वच्छता कोणी करावी, केव्हां करावी आणि तिचा खर्च कोणी सोसावा, हे प्रश्न उपस्थित होतात. एकत्र कुटुंबांतील एखाद्या सुनेनें दुपारच्या निवांत वेळीं फडताळांतील डबे नव्यानें लावले, तर फडताळ निःसंशय नेटकें दिसूं लागतें. पण दिवेलागणीच्या घाईंत सवयीनें हात घालणाऱ्या सासूबाईंच्या हातीं हळदीऐवजीं हिंगाची डबी येते. डबे लावणें गैर होतें असें म्हणतां येत नाहीं, आणि सासूबाईंची कुरकुरहि खोटी नसते. एकीच्या पदरीं समाधान पडतें, दुसरीच्या पदरीं शोधाशोध पडते. आणि या दोहोंचा हिशेब एकाच वहींत कोणी मांडीत नाहीं.

संगणकाच्या आज्ञावली, म्हणजे ज्यांना आतां सर्वत्र सॉफ्टवेअर म्हणतात त्या, लिहिणाऱ्या लोकांत हाच वाद गेलीं कित्येक वर्षें मोठ्या प्रमाणावर चालत आला आहे. वरवर पाहतां तो त्या धंद्यांतील लोकांचा खाजगी वाद वाटतो. परंतु त्याचा निकाल कसा लागतो यावर सामान्य गृहस्थाच्या बँकेंतील पैशांची सुरक्षितता, त्याच्या पत्रव्यवहाराची गुप्तता आणि त्याच्या हातांतील यंत्राची भाषा या सर्व गोष्टी अवलंबून असतात. म्हणून त्याची ओळख प्रत्येक सुशिक्षित माणसास असणें इष्ट आहे.

आज्ञावली म्हणजे यंत्रानें काय करावें हें ओळीनें लिहून ठेवलेलें एक लांबलचक पत्रक होय. यांतील कांहीं पत्रकें एकट्यादुकट्याचीं नसतात. तीं हजारों लोक मिळून लिहितात आणि कोट्यवधि लोक वापरतात. लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकी येथील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं आरंभ केलेली ‘लिनक्स’ ही अशीच एक सामाईक आज्ञावली आहे. अँड्रॉइड जातीच्या प्रत्येक फोनच्या पोटांत ती असते. तिचा विस्तार आज तीन कोटी ओळींच्याहि पुढें गेला आहे; दर नऊ-दहा आठवड्यांनीं तिची नवी आवृत्ति निघते आणि प्रत्येक आवृत्तींत सामान्यतः दहा हजारांवर बदल असतात. या बदलांपैकीं कांहीं नव्या सोयींचे असतात, कांहीं दोष दूर करणारे असतात आणि बरेचसे निव्वळ झाडलोटीचे असतात.

झाडलोटीचा बदल म्हणजे काय, हें नीट ठरवून घेतलें पाहिजे. ओळींच्या आरंभींची मोकळी जागा सारखी करणें, एखाद्या अर्थहीन नांवाऐवजीं अर्थवाही नांव देणें, टिपांतील शुद्धलेखन सुधारणें, कधींच न वापरल्या जाणाऱ्या ओळी काढून टाकणें, दोन ठिकाणीं लिहिलेला एकच मजकूर एका ठिकाणीं आणणें, किंवा तपासनीस यंत्रानें दिलेल्या इशाऱ्याचें निवारण करणें, हे त्याचे नेहमींचे प्रकार होत. या सर्वांत एक गोष्ट समान असते: बदलानंतर यंत्राचें वर्तन पूर्वीं होतें तसेंच राहील, असें बदल करणारा गृहीत धरतो. मार्टिन फाउलर यांच्या ‘रीफॅक्टरिंग’ या ग्रंथानें १९९९ सालीं या कामास प्रतिष्ठा मिळवून दिली. वर्तन न बदलतां रचना सुधारणें, ही त्यांची व्याख्या आतां सर्वमान्य झाली आहे. मात्र वर्तन बदलणार नाहीं हें म्हणणें सोपें आहे आणि सिद्ध करणें अवघड आहे. वादाचें मूळ येथेंच आहे.

प्रथम लाभाची बाजू पाहूं जातां, ती दुबळी नाहीं असें दिसून येईल. आज्ञावली यंत्र एकदां वाचतें, परंतु माणसें ती शेंकडों वेळां वाचतात. वाचतांना डोळा फसला कीं दोष दृष्टीआड होतो. याचें प्रसिद्ध उदाहरण २१ फेब्रुवारी २०१४ रोजीं उघडकीस आलें. ॲपल कंपनीच्या फोनांत, समोरचें संकेतस्थळ खरोखर त्या बँकेचेंच आहे कीं कोणी तोतया आहे, हें पडताळून पाहणारा एक भाग असतो. त्यांत ‘येथें चूक आढळल्यास शेवटाकडे जा’ अशा अर्थाची एक ओळ चुकून लागोपाठ दोनदां लिहिली गेली होती. पहिल्या ओळीला अट लागू होती. दुसरीला ती लागू नव्हती. परिणामीं चूक आढळो वा न आढळो, यंत्र सरळ शेवटाकडे जाई, पुढची खरी पडताळणी होतच नसे, आणि ‘सर्व ठीक आहे’ असा निर्वाळा मिळे. दोन्ही ओळी सारख्याच आंत सरकवून लिहिलेल्या असल्यामुळें वाचणाऱ्यास दोन्ही अटीखालींच आहेत असा भास होई. अटीखालील मजकूर नेहमीं कंसांत घालावा, हा झाडलोटीचा अगदीं साधा नियम तेथें पाळला असता, तर ती जादा ओळ कंसाबाहेर पडून तत्काळ डोळ्यांत भरली असती, अथवा कंसाच्या आंत राहून निरुपद्रवी ठरली असती. पुढें २०१६ सालीं ‘जीसीसी’ या भाषांतरकार आज्ञावलीनें अशा फसव्या मांडणीवर इशारा देण्याची सोय केली.

दुसरा लाभ नवागतांचा. एखाद्या जुन्या आज्ञावलींत नव्या माणसास पाऊल ठेवतां आलें नाहीं, तर जुन्यांच्या निवृत्तीबरोबर ती आज्ञावलीहि निवृत्त होते. ‘लिबरऑफिस’ या लेखनसंचाची कथा या दृष्टीनें बोधप्रद आहे. त्याचा मूळ पिंड जर्मनींतील एका कंपनीनें घडविला. १९९९ सालीं तो अमेरिकेंतील सन कंपनीकडे गेला. २००० सालीं त्याचा मजकूर सर्वांस खुला झाला. आणि २०१० सालीं कांहीं स्वयंसेवकांनीं वेगळी चूल मांडून त्यास लिबरऑफिस हें नांव दिलें. या वारशाबरोबर जर्मन भाषेंतील टिपांचे ढीग आणि कोठूनहि न बोलावले जाणारे आज्ञासमूह हजारोंच्या संख्येनें आले होते. नव्या मंडळानें मुद्दाम सोप्या कामांची यादी केली आणि तीं नवशिक्यांच्या हातीं दिलीं. कोणी दहा टिपांचें इंग्रजी भाषांतर करी, कोणी निरुपयोगी ओळी काढी. थेंबे थेंबे तळें सांचे या न्यायानें तो सबंध पसारा वाचनीय झाला. त्याहून महत्त्वाचें असें कीं, झाडू मारतां मारतां घराची ओळख झालेले कित्येक जण पुढें मोठीं कामें करूं लागले. ज्या संस्थेस पगार देऊन माणसें आणतां येत नाहींत, तिला माणसें मिळविण्याचा हा एक मार्ग आहे.

आतां खर्चाची बाजू. पहिला खर्च तपासणीचा. सामाईक आज्ञावलींत कोणताहि बदल तसाच आंत घेतला जात नाहीं. त्या त्या भागाचा सांभाळ करणारा, ज्याला त्या वर्तुळांत ‘मेंटेनर’ म्हणतात, तो आधीं तो वाचून पाहतो. पाठविणाऱ्याचीं दहा मिनिटें जातात, तपासणाऱ्याचींहि दहा मिनिटें जातात. परंतु पाठविणारे शेंकडों असतात आणि तपासणारा बहुधा एकच असतो. अनेक अत्यंत महत्त्वाच्या आज्ञावलींचा सांभाळ एकदोन माणसें, तींहि पुष्कळदां फावल्या वेळीं, करीत असतात. संकेतस्थळांशीं होणारें गुप्त दळणवळण ज्या ‘ओपनएसएसएल’ या संचावर मोठ्या प्रमाणांत चालतें, त्याचें काम २०१४ पर्यंत पूर्ण वेळ करणारा मनुष्य एकच होता. अशा माणसाच्या टपालांत रोज रिकाम्या जागा सारख्या करणारे वीस बदल येऊन पडले, तर एकविसावा, खऱ्या दोषावरचा बदल वाचण्यास लागणारी नजर शिल्लक राहत नाहीं. लिनक्सच्या अधिकृत मार्गदर्शिकेंतहि, निव्वळ मांडणी सुधारणाऱ्या बदलांचें स्वागत थंडपणें होतें, अशी स्पष्ट सूचना दिलेली आहे.

बदल लहान आहे म्हणून तो वाचला नाहीं तर चालेल, असेंहि नाहीं. मार्च २०२४ मध्यें ‘एक्सझेड’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या संचांत कोणी दोनअडीच वर्षें विश्वास संपादन करून चोरदरवाजा बसविल्याचें आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या ध्यानांत आलें. त्या प्रकरणाचा शोध घेतांना असें आढळलें कीं, यंत्राच्या एका संरक्षक कुंपणाची सोय आहे कीं नाहीं हें अजमावणाऱ्या छोट्या मजकुरांत एक एकटें टिंब घुसडलेलें होतें. त्या टिंबामुळें तो मजकूर कधींच शुद्ध ठरत नसे आणि कुंपण आपोआप गळून पडे. ज्याला दिवसाला पन्नास निरुपद्रवी बदल चाळण्याची सवय लागली आहे, त्याच्या नजरेंतून असें टिंब सुटणें अगदीं स्वाभाविक आहे. त्या संचाचा मूळ सांभाळकर्ता एकटा होता व थकलेला होता, ही गोष्टहि येथें विसरतां येत नाहीं.

दुसरा खर्च इतिहासाचा. ‘गिट’ नांवाचें एक साधन टोरवाल्ड्स यांनीं २००५ सालीं तयार केलें. आज बहुतेक सर्व सामाईक आज्ञावली त्याच्या आधारें सांभाळल्या जातात. प्रत्येक ओळ कोणी, केव्हां आणि कोणत्या हेतूनें लिहिली, याची नोंद तें ठेवतें. जुन्या वाड्याच्या दस्तऐवजांना जें महत्त्व असतें, तेंच या नोंदींना आहे. आतां एखाद्यानें पन्नास हजार ओळींच्या आरंभींची जागा एका फटक्यांत सारखी केली, तर त्या सर्व ओळींसमोर त्याचेंच नांव व त्याच दिवसाची तारीख दिसूं लागते. दहा वर्षांपूर्वीं ती ओळ ज्यानें विचारपूर्वक लिहिली, त्याचें नांव आणि त्याचें कारण एक पडदा मागें जातें. तें कायमचें नष्ट होत नाहीं, पण शोधणाऱ्यास एक पायरी अधिक चढावी लागते. असे पडदे तीनचार झाले, म्हणजे शोधणारा कंटाळून परत फिरतो.

तिसरा खर्च शाखांचा आणि भाषांतरांचा. मोठ्या आज्ञावलीची केवळ ताजी आवृत्ति वापरांत असते असें नाहीं. रुग्णालयें, कारखाने व बँका पुष्कळदां कित्येक वर्षांपूर्वींची आवृत्ति वापरीत असतात, आणि तिचाहि सांभाळ चालू असतो. नव्या आवृत्तींत सांपडलेल्या दोषावरचा उपाय जुन्या आवृत्तींतहि लावावा लागतो. दोन्हींकडील मजकूर सारखा असेल, तर हें काम यंत्रच करतें. मधल्या काळांत कोणी नांवें बदललीं असतील किंवा ओळी हलविल्या असतील, तर तो उपाय जुन्या अंगावर बसत नाहीं आणि माणसास हातानें तो बेतावा लागतो. सुरक्षिततेच्या दोषाच्या बाबतींत या विलंबाचा फायदा चोरास मिळतो.

भाषांतराचा खर्च मराठी वाचकास अधिक जवळचा आहे. लिबरऑफिससारखे संच मराठींतहि मिळतात; त्यांतील प्रत्येक मेनू, प्रत्येक सूचना कोणीतरी स्वयंसेवकानें बसून मराठींत आणलेली असते. अशा भाषांतरांसाठीं अनेक आज्ञावलींत ‘गेटटेक्स्ट’ नांवाची व्यवस्था वापरतात. तींत मूळ इंग्रजी वाक्य हीच भाषांतराची खूण असते. आतां कोणा नीटनेटक्या माणसानें मूळ वाक्याच्या शेवटचीं तीन टिंबें काढून तेथें एक जोडचिन्ह घातलें, किंवा एक मोठें अक्षर लहान केलें, तर अर्थांत रतिमात्र फरक पडत नाहीं. पण खूण बदलते. जुनें भाषांतर संशयास्पद ठरवून बाजूस ठेवलें जातें आणि कोणी माणूस तें पुन्हा पाहून मान्य करीपर्यंत, सामान्यतः, तेथें इंग्रजी वाक्यच दिसूं लागतें. इंग्रजींत एका ओळीचें काम झालें. परंतु जगांतील जितक्या भाषांत तो संच आहे, तितक्या भाषांतील कार्यकर्त्यांच्या डोक्यावर एकेक काम वाढलें. ज्या भाषेला पगारी भाषांतरकार आहेत तिला हा भार जाणवत नाहीं. जिचें काम दोघांतिघांच्या हौसेवर चाललें आहे, तिच्या पडद्यावर मराठीच्या मधोमध इंग्रजीचीं ठिगळें दिसूं लागतात, आणि वापरणारा मात्र मराठी भाषांतर अपुरें आहे म्हणून नाराज होतो.

चौथा खर्च सर्वांत भयंकर आहे. तो नित्य घडत नाहीं, पण घडला म्हणजे सर्व लाभ बुडवून जातो. तो म्हणजे निरुपयोगी समजून उपयोगी वस्तु फेंकून देणें. डेबियन या लिनक्स-संचाच्या बाबतींत २००६ सालीं हेंच घडलें. गुप्त दळणवळणाची किल्ली तयार करावयाची, म्हणजे जिचा अंदाज कोणासहि बांधतां येणार नाहीं अशी संख्या निवडावयाची असते. ओपनएसएसएलमध्यें ही संख्या बनविण्यासाठीं नाना ठिकाणांहून आलेली बेभरंवशाची सामग्री एका मोठ्या घुसळणींत ओतली जाते. आज्ञावलींतील दोष हुडकणाऱ्या एका साधनानें या घुसळणीजवळच्या दोन ओळींविषयीं इशारा दिला: येथें जी सामग्री वापरली जाते, तींत अद्याप कांहीं भरलेलेंच नाहीं. त्या दोन्ही ओळी अक्षरशः सारख्या दिसत होत्या. त्यांपैकीं एक खरोखरच वगळण्याजोगी होती. दुसरी ओळ मात्र अशी होती कीं, बाहेरून येणारी सर्व सामग्री तिच्याच वाटेनें आंत जात होती.

इशारे बंद व्हावेत म्हणून डेबियनमध्यें दोन्ही ओळी काढण्यांत आल्या. काढणाऱ्यानें मूळ संचाच्या मंडळींस आधीं विचारलें होतें आणि उत्तरहि अनुकूल मिळालें होतें. परंतु तो प्रत्यक्ष बदल मूळ संचाकडे तपासणीस गेला नाहीं, तो डेबियनच्या प्रतींतच राहिला. यंत्र पूर्ववत् चालूं लागलें. किल्ल्या पूर्ववत् तयार होऊं लागल्या. इशारे थांबले. बाहेरून पाहणाऱ्यास सर्व अधिक स्वच्छ झालें होतें. प्रत्यक्षांत घुसळणींत आतां चालू कामाचा अनुक्रमांक एवढीच काय ती सामग्री जात होती, आणि हा अनुक्रमांक त्या काळीं सामान्यतः ३२,७६८ पर्यंतच असे. एकेका जातीच्या किल्ल्या कोट्यनुकोटि निराळ्या असावयाच्या, त्या जेमतेम तेहतीस हजार उरल्या. कोणाहि दांडग्या इच्छेच्या माणसानें त्या सर्व एका बैठकींत घडवून ठेवाव्या आणि एकेक लावून पाहावी, इतकें तें सोपें झालें.

हा प्रकार लुचियानो बेलो यांच्या ध्यानांत आला आणि १३ मे २००८ रोजीं डेबियननें तो जाहीर केला. मध्यंतरीं सुमारें दीड-पावणेदोन वर्षें अशा किल्ल्या वापरांत गेल्या होत्या. डेबियनवर आधारलेल्या उबुंटूसारख्या संचांसहि त्याची बाधा झाली होती. काढलेली ओळ परत लिहिण्यास एक क्षण पुरला. पण तेवढ्यानें काम भागलें नाहीं. घडविलेल्या दुबळ्या किल्ल्या दुबळ्याच राहिल्या. त्या जेथें जेथें गेल्या होत्या, तेथें तेथें शोधून रद्द कराव्या लागल्या आणि जगभर नव्या घडवाव्या लागल्या. करावयास गेले गणपति आणि झाला मारुति, असें म्हणून हें प्रकरण हसण्यावारीं नेण्याजोगें नव्हतें.

यावरून कोणी असें अनुमान काढील कीं, चालत्या यंत्रास हात लावूंच नये. परंतु तें अनुमान घाईचें होईल. त्या दोन ओळींपैकीं जी निरुपद्रवी होती, तिच्याशेजारीं ‘तपासणी-साधन येथें तक्रार करतें’ अशा आशयाची टीप पूर्वींपासून होती आणि ती ओळ वगळण्याची वेगळी सोयहि होती. जी ओळ प्राणभूत होती, तिच्याशेजारीं मात्र एकहि शब्द लिहिलेला नव्हता. ‘सर्व सामग्री याच वाटेनें आंत येते, ही ओळ काढूं नये’ एवढी टीप कोणी वेळीं लिहून ठेविली असती, तर पुढचा अनर्थ बहुधा टळता. म्हणजे ज्या प्रकारची कामें किरकोळ म्हणून हिणवलीं जातात, त्यांतीलच एकानें हानि केली आणि त्यांतीलच दुसऱ्यानें ती थांबविली असती. तेव्हां वाद झाडलोट करावी कीं न करावी असा नसून, कोणती करावी, कोठें करावी आणि कशी करावी असा आहे.

याचें उत्तर अनुभवी मंडळींनीं हळूहळू घडविलें आहे. त्यांतील पहिलें सूत्र असें कीं, जेथें कांहीं खरें काम करावयाचेंच आहे, तेथें आधीं जागा स्वच्छ करून घ्यावी. जेथें कोणी वर्षानुवर्षें फिरकत नाहीं, तेथील कोपरा उगाच ढवळूं नये. ज्या खोलींत पाहुणे उतरणार ती आधीं झाडतात. माळ्यावरील ट्रंका त्या दिवशीं कोणी उपसत नाहीं. सोयीचा बदल आणि झाडलोटीचा बदल एकत्र बांधूं नयेत, हें दुसरें सूत्र. लिनक्सच्या नियमांत तर, मजकूर एका फाइलींतून दुसरींत हलवितांना त्याच बदलांत त्या मजकुरास हात लावूं नये, असें स्पष्ट सांगितलें आहे. केवळ हलविलेला मजकूर तपासणाऱ्यास यंत्राच्या साह्यानें क्षणांत पडताळतां येतो. हलवितांना बदललेला मजकूर ओळ न् ओळ वाचावा लागतो.

बदल असे सुटे ठेवण्याचा आणखी एक लाभ आहे. एखादा दोष दहा हजार बदलांपैकीं नेमक्या कोणत्या बदलानें शिरला, हें शोधण्यासाठीं मधला बदल घेऊन पाहतात; तेथें दोष असेल तर अलीकडील निम्मे सोडून देतात, नसेल तर पलीकडील. अशा रीतीनें दर वेळीं निम्मे वगळीत गेलें, म्हणजे चौदा चाचण्यांच्या आंत अपराधी बदल हातीं लागतो. तो बदल पांच ओळींचा असेल तर दोष समोरच दिसतो. झाडलोट, सोय आणि दुरुस्ती यांचें दोन हजार ओळींचें गाठोडें असेल, तर खरा शोध तेथून पुढें सुरू होतो.

तिसरें सूत्र असें कीं, ज्या बाबतींत एक रीत दुसरीहून खरोखर श्रेष्ठ नसून केवळ एकवाक्यता हवी असते, ती बाब यंत्रावर सोंपवावी. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘गो’ या भाषेबरोबर मांडणी सारखी करून देणारें साधनहि देण्यांत आलें. त्यामुळें त्या भाषेंत जागा किती सोडावी यावर भांडणच उरलें नाहीं. जुन्या आज्ञावलीस असा नवा वेष द्यावयाचा असेल, तर तो एकदांच, एकाच दिवशीं आणि सर्व शाखांना एकदम द्यावा. ओपनएसएसएलनें जानेवारी २०१५ मध्यें असेंच केलें. नवी आवृत्ति निघण्याच्या तोंडावर सबंध मजकूर यंत्राकडून नव्यानें मांडून घेतला; तो केवळ चालू प्रतींत नव्हे, तर सांभाळांतील जुन्या शाखांतहि; आणि मांडणीपूर्वींच्या व नंतरच्या स्थितीस निरनिराळ्या खुणा करून ठेवल्या. त्यामुळें दोषावरचा उपाय नव्या-जुन्या सर्व शाखांत पूर्ववत् बसूं लागला आणि इतिहास पाहणाऱ्यास पडदा नेमका कोठें आहे हें ठाऊक राहिलें. पुढें २०१९ सालीं गिटमध्येंच, अमुक बदल केवळ मांडणीचे आहेत, ओळीचा मूळ लेखक शोधतांना ते वगळावे, असें सांगण्याची सोय झाली. इतिहासाच्या खर्चांतील मोठा वांटा तिनें कमी केला आहे.

चौथें सूत्र नवशिक्यांविषयीं. त्यांना झाडू हातीं देणें योग्य आहे, पण कोठें झाडावें हेंहि सांगितलें पाहिजे. लिनक्समध्यें २००८ सालीं ‘स्टेजिंग’ नांवाचें एक वेगळें दालन उघडण्यांत आलें. अद्याप ओबडधोबड असलेले भाग तेथें ठेवतात आणि त्यांची मांडणी सुधारणारे लहान बदल तेथें आनंदानें स्वीकारतात. नवा माणूस बदल कसा पाठवावा, टीकेस उत्तर कसें द्यावें, हें सर्व तेथें शिकतो. गाभ्याच्या भागांत मात्र तसले बदल सहसा घेत नाहींत. ज्याला पोहणें शिकावयाचें आहे त्याला उथळ पाणी दाखविण्यासारखेंच हें आहे.

पांचवें सूत्र सर्वांत जुनें आणि सर्वांत दुर्लक्षित. ज्या ओळीचें प्रयोजन कळत नाहीं ती काढूं नये. प्रयोजन शोधावें, आणि सांपडल्यावर तें तेथेंच टिपून ठेवावें. शेतांतील आडवा बांध नांगरास अडचण करतो म्हणून तो फोडण्यापूर्वीं, वरच्या अंगाचें पाणी कोणीकडे जाईल हें कुणबी पाहून घेतो. तपासनीस यंत्राचा इशारा हा प्रश्न असतो, निकाल नसतो. पायथन भाषेची जी लेखनसंहिता २००१ सालापासून प्रमाण मानली जाते, तींतहि केवळ नियम पाळण्याच्या हौसेनें जुन्या आज्ञावलीशीं असलेला मेळ मोडूं नये, असें बजावलें आहे. नियम करणाऱ्यांनींच नियमाची मर्यादा सांगितली, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

एवढ्यावरून प्रत्येक बदलाचें माप अचूक काढतां येईल असें मात्र नाहीं. लाभ हा उद्यांच्या वाचकांत विखुरलेला असतो. त्यांतील कोणीहि आज आभार मानावयास येत नाहीं. खर्च आजचा असतो आणि तो ठराविक माणसांच्या डोक्यावर पडतो. म्हणून सांभाळ करणारे बहुधा खर्चाकडे पाहून नकार देतात, आणि बदल पाठविणारे लाभाकडे पाहून रागावतात. दोघांनाहि आपापल्या बाजूचेंच दिसत असतें. सांभाळ करणाऱ्यानें नकाराबरोबर कारण दोन ओळींत सांगितलें, आणि पाठविणाऱ्यानें बदलाबरोबर त्याची गरज दोन ओळींत लिहिली, तर या भांडणाचा मोठा भाग मिटतो, असा अनेक मंडळांचा अनुभव आहे.

अशा आज्ञावली कोणा एकाच्या मालकीच्या नाहींत. त्यांचा उपयोग करणाऱ्यांत जसे धनाढ्य कारखानदार आहेत, तसे फोनवरून महिन्याचें वाणसामान मागविणारे गृहस्थ आहेत, आणि रात्रीं जेवणें आटोपल्यावर एकेक वाक्य मराठींत आणणारे स्वयंसेवकहि आहेत. एक ओळ नीट करण्यापूर्वीं ती ओळ कोण कोण वाचतो, कोण कोण आपल्या शाखेंत वागवितो आणि कोणी तिचें भाषांतर केलें आहे, हें पाहण्यास फार तर पाव तास लागतो. तो पाव तास ज्यानें खर्च केला आहे, त्याचा लहानसा बदलहि सांभाळ करणारे आनंदानें घेतात. कारण पुढचा तपासणीचा भार त्यानें अगोदरच आपल्या अंगावर घेतलेला असतो.